तिसरी चढाई

पंचाला मैदानावरची सगळ्यात चांगली जागा मिळते. प्रेक्षकांना चढाईपटूची पाठ दिसते, पाय दिसतात. मला त्याचा चेहरा दिसतो. गेली बावीस वर्षं मी हे चेहरे बघतोय. रत्नागिरीच्या शिवाजी स्टेडियमवर, संगमेश्वर-लांज्याकडच्या गावांतल्या लाल मातीवर, शिमग्यानंतरच्या सामन्यांत हॅलोजनच्या उजेडात. पोरगा मध्यरेषा ओलांडतो, तोंडातून 'कबड्डी कबड्डी' सुरू होतं, आणि त्याच्या डोळ्यांवरून मला अंदाज येतो, हा परत येणार की धरला जाणार. पायांवरून तो अंदाज येत नाही. पाय आमच्याकडे सगळ्यांचेच चांगले. दोन-तीन घाट्या चढून-उतरून शाळा केलेली पोरं ही.

आज ज्याच्याबद्दल लिहितोय, त्याचं नाव मी देणार नाही. त्याचं अजून काहीच ठरलेलं नाही, आणि त्या वयात छापून आलेल्या नावाचं ओझं होतं. गाव संगमेश्वर तालुक्यात. वडील दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखणीला, आई घरची शेती बघते, भाऊ मुंबईला. हा रत्नागिरीत टी.वाय.बी.कॉम.ला आहे आणि कॉलेजच्या संघाचा पहिला चढाईपटू आहे.

पहिल्या वर्षाला असताना त्याला मी प्रथम बघितला, तो रडताना. हरला म्हणून नव्हे, रागाने. चढाईला गेला, उजव्या कोपऱ्यावरच्या गड्याने (आम्ही त्याला नुसतं 'कोपरा' म्हणतो) घोटा धरला, बाकीचे तिघे अंगावर पडले, हा बाद. दोन मिनिटांनी त्याच्या संघाने गडी टिपला, हा जिवंत होऊन आत आला आणि कर्णधाराला न विचारता तडक चढाईला निघाला. पुन्हा त्याच कोपऱ्यावर. पुन्हा घोटा. तिसऱ्यांदाही तेच. सामना संपल्यावर माझ्याकडे आला नि म्हणाला, "सर, तो मला मुद्दाम बोलवत होता." मी म्हटलं, "बोलवणारच. तू कशाला गेलास?"

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर ओझरती पाहिली आहे, त्यांच्यासाठी जरा सांगतो. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे एका बाजूला साडेसहा मीटर. तेवढ्या जागेत समोर सात जण उभे. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईला वेळ ३० सेकंद. निदान रेषा ओलांडायचीच, नाहीतर चढाईपटू बाद. समोर सहा किंवा जास्त गडी असतील तर एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून दुसरा हवेत राहिला की एक गुण. कोणाला स्पर्श करून परत आलात तर तो बाद, तुम्हाला गुण. काहीच न करता परत आलात तर ती पोकळ चढाई. आणि एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया पोकळ गेल्या की तिसरीला रिकाम्या हाताने परत येता येत नाही. गुण घ्यायचा, नाहीतर बाद होऊन बसायचं.

या तिसऱ्या चढाईत पोरं घडतात आणि मोडतात. लोक म्हणतात कबड्डी हा अंगातल्या जोराचा खेळ. पकडीचा असेल. चढाईचा खेळ डोक्याचा आहे, आणि डोकं चालवायला तीस सेकंद मिळतात, तेही एका श्वासात आणि तोंड सतत बोलत असताना. एकदा दम लागलेला असताना तोंडाने 'कबड्डी कबड्डी' म्हणत मनात गणित करून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

माझी भाची न्यू जर्सीला असते. मागे आली तेव्हा तिने मला तिकडचा फुटबॉल दाखवला, तो हाताने फेकायचा लांबट चेंडूचा. त्यात क्वार्टरबॅक म्हणून एक गडी असतो. अकरा जणांच्या संघात चेंडू पहिल्यांदा त्याच्या हातात येतो, आणि अंगावर धावून येणारी माणसं पोचायच्या आत त्याला ठरवावं लागतं, फेकायचा कोणाला, की स्वतः पळायचं. चेंडू हलायच्या आधी तो समोरची रांग वाचत असतो. मी भाचीला म्हटलं, अगं, हा आपला चढाईपटूच की! तिकडे ही पोरं कॉलेजांतून येतात आणि दरवर्षी ३२ व्यावसायिक संघ त्यांची निवड करतात. भाचीने टॉम ब्रेडीची गोष्ट सांगितली. मिशिगन विद्यापीठाचा हा पोरगा २००० सालच्या निवडीत १९९ व्या क्रमांकाला उचलला गेला. त्याच्या आधी १९८ जणांची नावं पुकारून झाली होती. पुढे त्याने सात वेळा तिथली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली. हात, खांदे, धावण्याचा वेग यांची मापं घेणाऱ्यांना त्याच्या डोक्याचं माप घेता आलं नव्हतं. ही गोष्ट मी नंतर आमच्या या पोराला सांगितली. तो काही बोलला नाही, पण १९९ हा आकडा त्याने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला.

त्या वहीचं सांगायला हवं. दुसऱ्या वर्षाला असताना त्याने शंभर पानी वही केली. सामना झाला की एसटीत बसून लिहायचा. किती गुण मिळवले ते त्यात नसायचं. कोण कुठे उभा होता, हे असायचं. मला त्याने एक पान दाखवलं होतं, ते जवळजवळ पाठ आहे. 'डावा कोपरा एक पाऊल मागे जातो, म्हणजे तो बोनस द्यायला तयार आहे असं वाटतं. तसं नाही. तो टाचेवर बसतो. तिथून झेप घेतो.' खाली दुसऱ्या शाईने, बहुधा दुसऱ्या दिवशी लिहिलेलं: 'पाय बघू नये. खांदे बघावे.'

मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? तर म्हणाला, बाबांनी. वडिलांनी जन्मात कबड्डी खेळलेली नाही. पण बागेत झेला घेऊन आंबा उतरवायचा तर कुठला तयार आणि कुठला कोवळा, हे खालून, हात न लावता ओळखावं लागतं. हापूस तयार झाला की त्याचे खांदे भरतात, देठाच्या वर येतात, आणि देठाशी खड्डा पडतो. रंगावर जाणारा फसतो, रंग उन्हानेही येतो. "बाबा खांदे बघतात," पोरगा म्हणाला, "मी पण तेच करून बघितलं. माणूस झेप घ्यायच्या आधी खांदा आत घेतो."

खरंच घेतो. इतकी वर्षं मी ते बघत होतो, पण मला ते शब्दांत मांडता आलेलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षात आणखी एक गोष्ट बदलली, आणि माझ्या मते ती सगळ्यात अवघड. तो रिकाम्या हाताने परत यायला शिकला. गावच्या सामन्यात हे फार कठीण असतं. मैदानाभोवती सगळी वाडी जमलेली, मुंबईचे चाकरमानी आलेले, माइकवर कोणीतरी नाव घेऊन ओरडतोय, गुणामागे पन्नास रुपयांचं बक्षीस जाहीर होतंय. अशा वेळी वीस सेकंद नुसतं इकडून तिकडे फिरून परत येणाऱ्याला शिट्ट्या पडतात. त्या शिट्ट्या ऐकून शांत राहणं हे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी सोपं नाही. पण संघ चार गुणांनी पुढे असेल, दोन मिनिटं उरली असतील, तर पोकळ चढाई म्हणजे अर्धं मिनिट खाल्लं. ज्याला हे पटतं त्याच्या हातात कर्णधार सामना देतो.

अनुप कुमारला बघून हे शिकावं. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ ला सुरू झाली, तेव्हा तो यू मुंबाचा कर्णधार होता आणि आमच्याकडची पोरं त्याच्यासारखं दोन्ही हात पसरून, ओणवं न होता, चालत चढाई करायला लागली. २०१६ च्या विश्वचषकात अहमदाबादला अंतिम सामन्यात मध्यंतराला आपण इराणच्या मागे होतो. मैदानावर अनुपचा चेहरा जराही हलला नव्हता. अजय ठाकूरने नंतर चढायांचा सपाटा लावला आणि ३८-२९ ने आपण जिंकलो. तो सामना आम्ही गावच्या देवळाच्या सभामंडपात पडदा लावून बघितला होता. आमचा हा पोरगा तेव्हा पाचवी-सहावीत असेल.

आता ती चढाई सांगतो, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला.

मागच्या मार्चमधली रात्र. दापोलीकडच्या एका गावात सामना. मी मध्यरेषेच्या डाव्या टोकाला. गुण २७-२८, याचा संघ एकाने मागे. जेमतेम सव्वा मिनिट शिल्लक, आणि याच्या संघाच्या दोन चढाया पोकळ गेलेल्या. तिसरी चढाई याची. समोर सहा गडी, म्हणजे बोनस खुला. बोनस मिळाला तरी बरोबरी.

तो आला. पहिली पाचेक सेकंदं डाव्या बाजूला. डाव्या कोपऱ्याने अगदी वहीत लिहिल्यासारखं एक पाऊल मागे घेतलं. बोनस रेषा मोकळी दिसायला लागली. लोक ओरडले, "घे! घे!" दोन वर्षांपूर्वीचा हा पोरगा तिथे पाय टाकणार आणि घोटा देणार, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. त्याने पाय उचलला. अर्ध्यावर थांबवला. कोपऱ्याचा खांदा आत आला, झेप सुटली, आणि हा तिथे नव्हताच. आता त्यांची साखळी बिघडली होती, कारण कोपरा एकटा पुढे आला होता आणि त्याचा हात शेजाऱ्याच्या हातातून सुटलेला. इथे शंभरातले नव्वद जण त्या पडलेल्या कोपऱ्यालाच टिपायला जातात, आणि बाकीचे वरून झाकतात. याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. वळला, उजवीकडच्या मध्यरक्षकाचा तोल डावीकडे गेलेला होता, त्याच्या मनगटाला बोटं लावली आणि परत. आवाज आला नाही, नुसती बोटं लागली. मध्यरक्षकाने स्वतःच हात वर केला. २८-२८.

परत येताना तो माझ्यापासून दोन हातांवरून गेला. चेहरा कोरा होता. आनंद नाही, काही नाही. तोंडाने अजून 'कबड्डी कबड्डी' चालूच होतं, थांबवायचं लक्षात नव्हतं.

तो सामना त्यांनी पुढे पाच-पाच चढायांच्या डावात गमावला. रात्री एक वाजता पिठलं-भाकरी खाताना तो वही काढून बसला होता.

आता पुढचं. या पोराला यातून पोट भरता येईल का? त्याची आई मला हेच विचारते, आणि तिचा प्रश्न रास्त आहे.

लिलावाचे आकडे पेपरात येतात. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांवर मोजले. हे आकडे वाचून गावोगावची पोरं शाळा सोडायच्या गोष्टी करतात. म्हणून मी त्यांना दुसरे आकडे सांगतो. लीगमध्ये संघ १२. एका संघात १८ ते २५ खेळाडू. म्हणजे सगळ्या देशात मिळून जेमतेम अडीचशे-तीनशे जागा, त्यांतही इराणची आणि इतर देशांची माणसं आहेत, आणि हरयाणातल्या एकेका गावात पहाटे चारला उठणारे शे-दोनशे आहेत. त्या २०२३ च्या लिलावात अ गटाची पायाभूत किंमत ३० लाख होती, ड गटाची ९ लाख. अगदी नव्या पोरांना घेण्याची वेगळी वाट आहे, तिथे रक्कम आणखी कमी, पण दार तेच.

आणि दार उघडतं, हेही खरं. चिपळूण तालुक्यातल्या कोळकेवाडीचा शुभम शिंदे उजव्या कोपऱ्यावर खेळतो. २०२४ च्या अकराव्या मोसमात तो पाटणा पायरेट्सचा कर्णधार होता आणि संघ अंतिम फेरीत गेला. बालेवाडीला हरयाणा स्टीलर्सकडून ३२-२३ ने हरले, पण त्या रात्री आमच्या जिल्ह्यात कोण झोपलं असेल असं मला वाटत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार चढाईपटू. वडील लवकर गेले, घर हलाखीचं. १ मार्च २०२४ ला त्याच्या कप्तानीखाली पुणेरी पलटणने पहिल्यांदा लीग जिंकली, त्याच्या आदल्या वर्षी हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. मी पोरांना अस्लमच्या चढाया दाखवतो त्या गुणांसाठी नाही. अस्लम समोरच्याला आधी चूक करू देतो, ते बघण्यासाठी.

पण सिद्धार्थ देसाईचंही सांगतो. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. पहिल्याच मोसमात, २०१८ ला, यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतला आणि त्याने दोनशेच्या वर गुण चढाईतून काढले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख दिले. मग खांदा दुखावला, जवळजवळ एक मोसम गेला, आणि त्यानंतरच्या लिलावात किंमत २० लाखांवर आली. खेळाडू तोच, ताकद तीच, एक खांदा मधे आला. आणि त्यानंतर २०२३ ला हरयाणाने त्याच्यावर पुन्हा १ कोटी लावले. वर जाणं, खाली येणं, पुन्हा वर जाणं या सगळ्यात डोकं जागेवर ठेवायचं शिक्षण कुठल्या शिबिरात मिळत नाही.

शरीराचा विषय निघालाय म्हणून सांगतो. आमची पोरं मातीवर वाढतात. माती पाय सोडते, तुम्ही घसरता, फार तर ढोपर सोलवटतं. मॅट पाय सोडत नाही. बूट रुतून बसतो आणि वरचं शरीर वळतं, मधे गुडघा असतो. मातीवरून मॅटवर गेल्या पहिल्या वर्षात गुडघे जाणारी पोरं मी बघितली आहेत, आणि गेलेला गुडघा तेल लावून परत येत नाही. जिल्ह्यात मॅट मोजक्या. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत याच पोराचा घोटा सुजला, तर संयोजकांकडे बर्फ नव्हता, की डॉक्टर नव्हता. रस्त्यावरून मासळीचा टेम्पो चालला होता, तो आम्ही थांबवला आणि सुरमईखालचा बर्फ टॉवेलात बांधून लावला. बक्षिसाची ढाल मात्र चार फुटांची होती. मला याचा अजून राग आहे. ढाल दोन फुटांची करा, पण बर्फाची पेटी ठेवा.

लीगव्यतिरिक्तची वाट लोक विसरतात. रेल्वे, पोलीस, पेट्रोलियम कंपन्या, बँका यांचे संघ आहेत. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी मैदानावरच्या कामगिरीइतकंच कागद नीट लागतात. प्रमाणपत्र कुठल्या स्पर्धेचं, ती मान्यताप्राप्त होती का, पडताळणी झाली का. गिरणगावात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोकणातली माणसं कबड्डीवर नोकरीला लागली, घरं उभी राहिली. ती वाट अजून पुरती बुजलेली नाही. फक्त तिच्यावर टीव्हीचा कॅमेरा नसतो. पोराला मी पहिल्यापासून सांगत आलो, बी.कॉम. पूर्ण कर. पदवी नसलेला चढाईपटू तिशीला येतो तेव्हा त्याच्याकडे दुखणारे गुडघे आणि ढालींनी भरलेली मांडणी एवढंच उरतं. असे कितीतरी माझ्या ओळखीचे आहेत. त्यांतले दोघे माझ्याबरोबर खेळलेले.

माझं मत विचाराल तर या पोराच्या पायांत लीगची गती नाही, अजून तरी नाही. हरयाणाच्या पोरांपुढे तो पहिल्या दोन पावलांत मागे पडेल. वजनही पाच-सहा किलो वाढायला हवं, आणि ते डाळ-भातावर वाढणार नाही. पण समोरचे सात जण वाचण्यात मी गेल्या बावीस वर्षांत या जिल्ह्यात त्याच्या तोडीचे तीन-चारच बघितले. गती दोन वर्षांच्या मेहनतीने वाढते. वाचणं तसं वाढत नाही. ज्या प्रशिक्षकाला हे दिसेल त्याच्याकडे तो जावा, एवढीच माझी इच्छा आहे. ज्याला फक्त घड्याळ दिसतं, त्याच्याकडे गेला तर पहिल्या फेरीत परत येईल.

पुण्याला या महिन्यात एका संघाची निवड चाचणी आहे. परवा संध्याकाळी तो घरी आला होता. बागेतून आंबा निघतोय, त्यामुळे दिवसभर पेट्या उचलून खांदे लाल झालेले. मी ओरडलो, चाचणी तोंडावर असताना पेट्या कसल्या उचलतोस? म्हणाला, "बाबांकडे माणसं कमी आहेत सर, चार दिवसांचा प्रश्न आहे." मग खिशातून कागद काढला. चाचणीला कोण कोण येणार आहेत याची कुठून तरी माहिती काढून त्याने अकरा नावं लिहिली होती. त्यांतल्या सहांपुढे लिहिलं होतं, हा कुठल्या पायावर उभा राहतो. उरलेल्या पाचांपुढे जागा कोरी.

"हे पाच मी बघितलेलेच नाहीत," तो म्हणाला. "तिथे गेल्यावर पहिल्या चढाईत काही करणार नाही. नुसता फिरून येईन."

"पहिल्याच चढाईत पोकळ आलास तर निवडणारे काय म्हणतील?"

तो जरा वेळ कागदाकडे बघत राहिला. "म्हणू देत," म्हणाला.

सोमवारी त्याचा अकाउंट्सचा पेपर आहे. मंगळवारी रात्रीच्या एसटीने तो निघेल.